राक्षस वाढवू नका, मोकळा सोडा

भीतीदायक व्हिडिओ गेमचा मॉड (म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) बनवताना राक्षस वाढवले की भीती वाढेल, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन' या भयगेममध्ये बहुतेक वेळ एकच एलियन मागावर असतो, तरी दरदरून घाम फुटतो. तिथे एलियनला चालवणाऱ्या एआयचे, म्हणजे संगणकी मेंदूचे, दोन थर आहेत. वरच्याला खेळाडू कुठे आहे हे ठाऊक असतं, पण तो एलियनला फक्त परिसर सुचवतो. पुढचा शोध एलियन स्वतःच्या डोळ्या-कानांनी घेतो. काही मॉडर्सनी, म्हणजे मॉड बनवणाऱ्यांनी, एलियनला खेळाडूजवळ घुटमळत ठेवणारी ही अदृश्य दोरी सैल केली. आता तो लांब जातो आणि परत कधी येईल याचा अंदाजच लागत नाही! तुम्हीही आधी एकच शत्रू ठेवा आणि उरलेला सगळा वेळ त्याच्या पावलांच्या आवाजावर घालवा.