सॉफ्टवेअर 1991 ला जन्मलं, हे मला मान्य नाही

ऐरोलीकर:
ऑफिसातली नवी पोरं म्हणतात, 1991 ला उदारीकरण आलं, सरकार बाजूला झालं आणि आयटी उभं राहिलं. साफ चूक. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. जवळपास 2700 व्हॅक्यूम ट्यूबचं हे धूड इथल्याच लोकांनी बांधलं. टीसीएस 1968 ची, सीप्झ हे अंधेरीतलं निर्यात क्षेत्र 1973 चं. आपण रोज जिथे हजेरीचं पंचिंग करतो ते नवी मुंबईतलं महापे एमआयडीसीचं. ठाणे-वाशी लोकल 2004 ला आली नसती तर डोंबिवलीची मुलं इथे नोकरीला कशी आली असती? आयआयटीपासून रुळांपर्यंत पैसा जनतेचा आहे. ते ऋण मानायला जड का जातं?

कोपरखैरणे_सेक्टर_15:
ऋण मानतो, पण अर्धीच गोष्ट सांगताय. याच सरकारने संगणकावर एवढा आयात कर लावला होता की यंत्र आणणं म्हणजे दिव्य. परवाना हवा, वर निर्यातीची हमी द्या. 1984 च्या धोरणाने कर उतरवला तेव्हा कुठे श्वास घेता आला. मी 1982 चा प्रोग्रॅमर. यंत्र एक, माणसं ढीगभर, माझी पाळी रात्री दोनला. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर असायचा; त्यांचा गठ्ठा हातातून सुटला की संपलं, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ मारून ठेवायचो. रेघ जुळली की क्रम जुळला. एक स्वल्पविराम चुकला तर पुढची पाळी दुसऱ्या रात्री. ही वर्षं कुणी वाया घालवली?

ऐरोलीकर:
कराचं मान्य. पण तुम्हाला शिकवलं कुणी? त्या काळात ही विद्या सरकारी संस्थांबाहेर फारशी मिळतच नव्हती.

नौपाडा_निवृत्त:
मी बँकेत होतो, युनियनमध्येही. आम्ही संगणकाला विरोध केला म्हणून आजही टोमणे ऐकतो, म्हणून लिहितो. 1982 च्या संपात गिरणगाव उद्ध्वस्त होताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. माझा सख्खा मेहुणा त्यात होता. अशा वेळी माणसाचं काम करणारं यंत्र येतंय म्हटल्यावर कोण हार घेऊन उभं राहील? तरी 1983 ला संघटनांनी करार केला आणि मर्यादित यंत्रं येऊ दिली. त्यानंतर लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारं यंत्र आमच्या शाखेत आलं. त्याआधी बॅलन्सिंगच्या, म्हणजे हिशेब जुळवायच्या दिवशी दहा पैशांचा फरक शोधत रात्री नऊपर्यंत बसायचो. यंत्र आल्यावर साडेसहाची लोकल मिळायला लागली. विरोध केल्याची मला लाज नाही. आमच्या विरोधामुळेच कुणाला घरी न बसवता यंत्र आलं.

कोपरखैरणे_सेक्टर_15:
काका, मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण त्या करारातल्या मर्यादांनी बँका मागे राहिल्या, हे मी तरीही म्हणणार. नोकऱ्या वाचल्या त्या आत असलेल्यांच्या. बाहेर रांगेत आम्ही होतो.

घणसोली_गावठाण:
जनतेचा पैसा म्हणताय, तर जमिनीचंही लिहा. महापे-रबाळ्याला एमआयडीसीने घेतली ती आमच्या आजोबांची भातशेती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडून घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळवायलासुद्धा 1984 ला जासईच्या आंदोलनात माणसं गेली. काचेच्या इमारतींत आमच्या गावच्या पोरांना गेटवर उभं राहायची नोकरी मिळते, आत किती आहेत ते मोजून सांगा.

ऐरोलीकर:
आमच्या मजल्यावर मला एक मुलगा माहीत आहे, तळवलीचा. एकच.