आयएनआय-१ ‘लॉस’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

माझ्या भाचीच्या १४ महिन्यांच्या मुलाच्या लहान मेंदूतील गाठ गेल्या महिन्यात शस्त्रक्रियेने काढली. शस्त्रक्रिया चालू असताना फ्रोझन सेक्शनवरून (गाठीचा तुकडा गोठवून लगेच केलेल्या तपासणीवरून) मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मेंदूतल्या एका वेगळ्या कर्करोगाची, शक्यता सांगण्यात आली होती; अंतिम रिपोर्टमध्ये मात्र ‘ॲटिपिकल टेराटॉइड ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर, ग्रेड ४, आयएनआय-१ लॉस’ असे लिहिले आहे. पहिली तपासणी चुकली का, आणि ‘लॉस’ म्हणजे काय नाहीसे झाले? भाची रोज विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

प्रतिसाद १

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बाळाच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, तरी पहिली तपासणी चुकली असे मी म्हणणार नाही. या गाठीतही मेड्युलोब्लास्टोमासारख्या लहान, गोल, निळ्या पेशींचे मोठे भाग असतात, आणि घाईने गोठवून कापलेल्या तुकड्यावर त्यांतला फरक ओळखणे फार अवघड असते. भरगच्च गुलाबी पेशीद्रव्य, कडेला सरकलेले केंद्रक आणि त्यात ठळक केंद्रिका अशा ऱ्हॅब्डॉइड पेशी कधी विपुल दिसतात, तर कधी शोधाव्या लागतात. ही गाठ वेगळी म्हणून १९९६ च्या सुमारास प्रस्थापित झाली; त्याआधी अशा कित्येक बाळांच्या रिपोर्टवर मेड्युलोब्लास्टोमाच लिहिले जात असे.

निर्णय होतो तो आयएनआय-१ च्या रंगावर. २२ व्या गुणसूत्रावरील स्मार्कबी-१ जनुकापासून बनणारे हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असते आणि कोणती जनुके चालू राहावीत, कोणती बंद, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. हे प्रथिन असेल तिथेच रंग चढतो, म्हणून स्लाइडवर निरोगी केंद्रके तपकिरी दिसतात. या गाठीची केंद्रके निळीच राहतात, कारण त्यांतून हे प्रथिन नाहीसे झालेले असते; हाच ‘लॉस’. मी मात्र आधी गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीकडे पाहतो, कारण तिथली केंद्रके तपकिरी झाली नसतील, तर रंगच नीट चढलेला नाही आणि ‘लॉस’ म्हणता येत नाही.

प्रतिसाद २

वरील माहितीला एक जोड देते. ही गाठ झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये स्मार्कबी-१ मधला जनुकीय बदल केवळ गाठीत नसून जन्मतःच शरीरभर असतो. म्हणून बाळाची रक्ततपासणी करावी, आणि अशा मुलांत मूत्रपिंडातही गाठ होऊ शकत असल्याने पोटाची सोनोग्राफीही करून घ्यावी. बदल आढळला तर आईवडिलांचीही तपासणी होते. पुष्कळदा तो बाळातच नव्याने झालेला असतो, त्यामुळे भाचीने स्वतःला दोष देऊ नये.

प्रश्नकर्ती

‘रक्तवाहिन्यांच्या पेशींत रंग टिकून आहे’ ही रिपोर्टमधली ओळ मी निरर्थक समजून वगळली होती. आज ती भाचीला वाचून दाखवली. रक्ततपासणीविषयी सोमवारी डॉक्टरांना विचारणार आहोत.