राहायचं असेल तर पास हो: एकट्या आलेल्या पोरांना ही अट लावावी का?

इझारकाठची

म्युनिकपासून तासाभरावरच्या गावात राहते. दर शनिवारी सकाळी एका मुलाला जर्मन शिकवते. जर्मन कसलं, त्याच्या लेखी परीक्षेसाठी बेकरीचं गणित शिकवते. मुलगा सिएरा लिओनचा. पंधराव्या वर्षी एकटाच इथे पोचला, आता विशीत आहे. एका बेकरीत शिकाऊ म्हणून तिसरं वर्ष चालू आहे. रात्री दोनला कामावर जातो, त्यामुळे आमच्या तासाला येतो तेव्हा त्याची संध्याकाळ असते आणि माझी सकाळ.

परवाचं उदाहरण सांगते. २५ किलो पीठ, १५ लिटर पाणी, तर 'टाइगआउसबॉयटे' किती? तो कागदाकडे बघत पंधरा मिनिटं बसून राहिला. शेवटी मी शब्द फोडला. टाइग म्हणजे मळलेलं पीठ, आउसबॉयटे म्हणजे उतारा. १०० भाग कोरड्या पिठाला मळल्यावर किती उतारा पडतो, एवढंच विचारलंय. अर्ध्या मिनिटात त्याने १६० लिहिलं, वर म्हणाला, "हे तर मी रोज रात्री करतो." खरंच करतो. बोट लावून पाणी कमी की जास्त ते सांगतो.

आता मूळ मुद्दा. याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलाय. तरी तो इथे आहे तो 'डुल्डुंग'वर. डुल्डुंग म्हणजे 'तूर्त तुला हाकलत नाही' एवढंच सांगणारा कागद. २०१६ च्या कायद्याने शिकाऊ मुलांसाठी यात '३+२' आणलं: तीन वर्षांचं प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत राहा, पुढे त्याच धंद्यात नोकरी मिळाली तर दोन वर्षांचा परवाना. प्रशिक्षण मध्येच सुटलं तर मालकाने ते कळवायचं आणि दुसरी जागा शोधायला सहा महिने. तेही एकदाच.

म्हणजे याच्या वहीतलं प्रत्येक चुकलेलं गणित हे विमानाच्या तिकिटाकडे एक पाऊल. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, पण जागा बेकरीत होती. सतराव्या वर्षी आपल्यातल्या किती जणांनी लाइन बदलली? मला वाटतं शिक्षण आणि राहण्याची परवानगी यांची गाठ सोडवायला हवी. मुलगा इथे वाढला, तर राहू द्या. शिकेल तो त्याच्या चालीने. तुम्हाला काय वाटतं?

तिखटजाळ

अजिबात पटलं नाही.

मी २०१३ मध्ये विद्यार्थी म्हणून आलो. व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे पैसे दाखवले. ते वडिलांनी गाव-शेतीवर कर्ज काढून उभे केले होते. विषय राहिले असते तर व्हिसा अडला असता. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने, नाहीतर बॅग भरा. माझ्या प्रत्येक मार्कावर माझं राहणं टांगलेलं होतं आणि त्यावर कुणी धागा काढला नाही. शनिवारी शिकवायलाही कुणी आलं नाही.

आणि त्याचा अर्ज फेटाळला गेलाय हे तुम्हीच लिहिलंय. सरकारने 'नाही' म्हटल्यावरही एक दार उघडं ठेवलंय, त्या दाराला उंबरठासुद्धा नको?

दुसरं म्हणजे वय. ही मुलं खरंच मुलं आहेत का, हे आधी ठरवा. अशा मुलांच्या होस्टेलच्या यादीत निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी. फ्रायबुर्गचं २०१६ चं खून प्रकरण आठवा. अल्पवयीन म्हणून आलेला आरोपी कोर्टात सज्ञान निघाला. एकदा विश्वास गेला की भोगावं खऱ्या मुलांना लागतं.

एक मास्तर

१ जानेवारीवरून आठवलं. माझी जन्मतारीख १ जून. माझ्या मोठ्या भावाचीही १ जून. वर्गातल्या ४० पैकी पंचवीसेक पोरांची १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हेडमास्तर पोराच्या उंचीकडे बघून वर्ष टाकायचे आणि तारीख ठरलेली. आम्ही सगळे लबाड होतो असं कुणी म्हटलं नाही. उलट त्याच तारखेवर रिटायर झालो.

बाकी चर्चेत मी पडत नाही. नाशकात बसून म्युनिकचं काय सांगणार.

तिखटजाळ

मास्तर, हे आवडलं :) पण १ जूनवाल्या पोराला त्या तारखेमुळे वेगळं घर, वेगळा पालक आणि वेगळा कायदा मिळत नव्हता. इथे मिळतो. फरक आहे.

इझारकाठची

@तिखटजाळ, तुमच्या वडिलांनी कर्ज काढलं हे वाचून मी थांबले. कारण याच्यासाठीही घरच्यांनी कर्ज काढलंय, फक्त ते बँकेचं नाही आणि पैसे युनिव्हर्सिटीला गेले नाहीत. पगार झाला की पहिला हप्ता तिकडे जातो.

पण तुम्हाला पेपर अवघड गेला की संध्याकाळी घरी फोन लावता येत होता. याचा कायदेशीर पालक म्हणजे सरकारी कचेरीतला एक माणूस. नियमाप्रमाणे अशा एका माणसाकडे जास्तीत जास्त ५० मुलं आणि प्रत्येकाला साधारण महिन्यातून एकदा भेटायचं. तो माणूस भला होता, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण मुलगा १८ चा झाला त्या दिवशी त्याचं पालकपणही संपलं. राहण्याखाण्याची मदत अर्ज करून २१ पर्यंत लांबवता येते. पालक मात्र लांबवता येत नाही.

आणखी एक. अशी मुलं राहतात त्या युवागृहांतल्या शिकाऊ मुलांच्या पगारातून २०२१ पर्यंत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम 'राहण्याचा खर्च' म्हणून कापली जायची. हा नियम जर्मन अनाथ पोरांनाही होता. मग ते २५ टक्क्यांवर आलं आणि २०२३ पासून बंद झालं. पहाटे उठून काम शिकणाऱ्या पोराला आपण काय धडा देत होतो, याचा विचार करा.

वर्कशॉपवाला

मी श्टुटगार्टकडे एका मध्यम कारखान्यात शिकाऊ मुलांचा ट्रेनर आहे. धागाकर्तीची कळकळ कळते, पण गाठ सोडा म्हणणं मला धोक्याचं वाटतं. कारण उलट बाजूने सांगतो.

२०१६ च्या आधी काय व्हायचं? पोरगा दुसऱ्या वर्षाला, हात बसलेला, आणि एक दिवस पत्र यायचं की निघा. मालक म्हणायचे, आम्ही वेळ-पैसा घालून शिकवायचं आणि तुम्ही माणूस उचलून न्यायचा? मग पुढच्या वेळी असा पोरगा घ्यायचाच नाही. ३+२ मागितलं ते या कारागीर-धंदेवाल्यांच्या संघटनांनीच. तेव्हा ताई, तुम्हाला जी बेडी दिसतेय ती बऱ्याच पोरांसाठी ढाल आहे. उद्या प्रशिक्षणाचा आणि परवान्याचा संबंध तोडलात, तर अर्ज फेटाळलेल्यांना परवाना कशाच्या जोरावर देणार? दयेच्या? दयेचं सरकार निवडणुकीगणिक बदलतं. करारावर सही असली की कचेरीतल्या माणसालाही पकडायला काहीतरी असतं.

माझी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे असे चार जण होऊन गेले. चौघेही मशीनवर उत्तम, चौघेही लेखी परीक्षेत अडकले. प्रश्नपत्रिकेतली वाक्यं चार ओळींची, त्यात क्रियापद शेवटी. मी स्वतः ती दोनदा वाचतो. पेपर सोप्या जर्मनमध्ये काढा, कामाची परीक्षा कडक ठेवा. यासाठी कायदा बदलायला नको, पेपर काढणाऱ्यांनी डोकं वापरलं तरी पुरे.

स्टॉकहोमकर

स्वीडनचं सांगतो. २०१५ या एका वर्षात इथे ३५ हजारांहून जास्त मुलं आईबापांविना आली, बहुतेक अफगाण. अर्ज निकाली निघेपर्यंत कित्येक १८ ओलांडून गेली. वय ठरवायला गुडघ्याचा एमआरआय आणि अक्कलदाढेचा एक्स-रे, त्यावरही डॉक्टरांत भांडणं. शेवटी २०१८ मध्ये तात्पुरता कायदा आला: हायस्कूल पूर्ण करायला राहा, मग सहा महिन्यांत निदान दोन वर्षं टिकणारी नोकरी दाखवा.

नुकतं हायस्कूल संपवलेल्या कुठल्या पोराला सहा महिन्यांत अशी नोकरी मिळते? माझ्या स्वीडिश शेजाऱ्याच्या पोराला मिळाली नाही, तो अजून पिझ्झा पोचवतोय. त्याला कुणी काबूलला पाठवत नाही एवढंच.

म्हणून माझं म्हणणं, अट असू दे. घड्याळ चुकीचं आहे.

करवीरकर

थोडं अवांतर, पण आमच्या दारातली गोष्ट आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. साधारण पाच हजार माणसं, त्यात मुलं भरपूर. जामनगरजवळच्या बालाचडीची छावणी मिटली तेव्हा तिथली अनाथ मुलंही इकडेच आली. त्यांना कुणी मराठी परीक्षेची अट घातली नाही. त्यांच्या शाळा पोलिश भाषेतून चालायच्या, स्वतःचं चर्च होतं, स्काउट होते. ती गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर. ही पोलिश मंडळी म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत आली. प्रेम असं अटीशिवायही लागतं की.

तिखटजाळ

करवीरकर, गोष्ट छान, पण ती माझ्या बाजूची आहे. त्या मुलांना कोल्हापुरात ठेवायचं नव्हतंच. पोलिशमधून शिकवलं ते परत जायचंय म्हणून. राहायचं असतं तर आपणच म्हटलं असतं, आधी मराठी शिका.

इझारकाठची

हे बरोबर आहे, वळिवड्याचं उदाहरण इथे बसत नाही.

@वर्कशॉपवाला, ढालीचा मुद्दा मी धरला नव्हता. पूर्ण गाठ सोडा हे माझं वाक्य मागे घेते. पण ढाल एकाच आकाराची का? सहा महिने एकदाच का? बेकरीतून इलेक्ट्रिककडे जाणाऱ्याला पळपुटा का समजायचं? तेवढं तरी सैल करा. परीक्षेचं म्हणाल तर नापास झाल्यावर आणखी दोनदा बसता येतं आणि करार जास्तीत जास्त एक वर्ष लांबतो. हे त्याला मी शनिवारी सांगितलं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तो एकच संधी आहे असं समजून झोपत होता.

तिखटजाळ

माझं मत बदललेलं नाही. अट हवीच.

पण ते गणित डोक्यातून जाईना. १५ ऐवजी साडेसतरा लिटर पाणी घेतलं तर १७० ना?

इझारकाठची

हो, १७०. त्याला दाखवलं. म्हणतो, झेमेलच्या (इथल्या छोट्या पावाच्या) पिठात एवढं पाणी घातलंत तर पाव वळायच्या आधी टेबलावरून वाहून जाईल.