बोगोलान कापडावरून देवनागरी फॉन्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?

राजवाडा_गल्ली: नमस्कार, इंदूरला ग्राफिक डिझाइन करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला आफ्रिकेतल्या माली देशाचं बोगोलान कापड घेतलंय, ते चिखलाने रंगवतात ना ते, त्यावरून देवनागरी पोस्टर फॉन्ट. सध्या अक्षरांच्या आत त्रिकोण नि झिगझॅग भरतेय पण ते लग्नपत्रिकेच्या बॉर्डरसारखं दिसायला लागलंय आणि साइज कमी केला की ध, घ सगळं बुजतं. नॉयलँड फॉन्ट रेफरन्सला घेऊ का? आफ्रिकेच्या प्रत्येक पोस्टरवर तोच असतो.

खिळे_जुळवणारा: नॉयलँड अजिबात नको गं. तो १९२३ चा, जर्मनीतल्या रुडॉल्फ कोखचा, त्याने आधी ड्रॉइंग न करता थेट धातूत अक्षरं कोरली म्हणून ती अशी ओबडधोबड, आफ्रिकेचा काही संबंध नाही. जाहिराती नि सिनेमावाल्यांनी पुढे तो जंगल-सफारीला चिकटवला. झिम्बाब्वेचे डिझायनर साकी माफुंडिक्वा यांचं काम बघ, त्यांनी आफ्रिकेतल्याच लिप्या गोळा केल्यात. वाई, बामुम, न्को, केवढं आहे तिथे!

बाघ_छपाई: ताई, आधी कापड कसं बनतं ते बघा. अरुंद पट्ट्या विणून शिवतात, पानांच्या काढ्यात पिवळं करतात, मग मुरवलेला चिखल लावतात, त्यातलं लोह नि पानातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळं होतं. आपल्या धार जिल्ह्यात बाघच्या ठसे-छपाईला काळा रंग असाच, लोखंडाचा गंज नि गूळ मुरवून, आणि कापडाला हिरडा. एकदा चक्कर मारून याच. पण खरी गोष्ट ही की बोगोलानमध्ये चिखल नक्षीच्या *आजूबाजूला* भरतात, नक्षी मोकळी राहते. म्हणजे अक्षरात डिझाइन भरू नका, काळी पार्श्वभूमी आधी काढा आणि त्यातून अक्षर मोकळं सोडा, काउंटर (अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागा) आपोआप मोठे ठेवावे लागतील. दोन पट्ट्यांची शिवण तीच शिरोरेषा करून बघा.

राजवाडा_गल्ली: शिवणीची शिरोरेषा!! आजच करते. सोबत घानाची अदिंक्रा चिन्हं बोनस म्हणून टाकू का, सान्कोफा वगैरे?

खिळे_जुळवणारा: ती अकान लोकांची, प्रत्येकाला अर्थ आहे, सान्कोफा म्हणजे मागे राहिलेलं परत जाऊन आणणं. मालीच्या कापडात सजावट म्हणून नको घुसवू. शिवाय घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककलेला संरक्षण आहे, उद्या फॉन्ट विकायचा ठरला तर परवानगीचं आधी बघावं लागेल. फक्त बोगोलानच ठेव, आणि क, ध, ष झाले की इथे टाक.