अक्कलकोट रोडला आधी काय हवं: बस की रस्ता ओलांडायची सोय?

कुंभारी_फेरी

सोलापुरात सकाळी शिफ्टच्या वेळेला अक्कलकोट रोडनं शांती चौकातून एमआयडीसीकडं जाऊन बघा. कारखान्याचे कामगार, सायकलवरच्या शाळेच्या पोरी, वळलेल्या विड्यांची टोपली घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला निघालेल्या बाया, स्वामींच्या दर्शनाला चाललेल्या गाड्या आणि कंटेनर, सगळे एकाच डांबरावर. अपघात झाला की दोन दिवस बोंबाबोंब होते आणि मागणी एकच येते: दुभाजक उंच करा, जाळी लावा.

मला हे पटत नाही. या रस्त्यावर बसचा प्रश्न वेगळा आणि पायी चालणाऱ्याचा वेगळा, असं मुळात नाहीच. सकाळी जो घराच्या बाजूला बस पकडतो, तो संध्याकाळी पलीकडच्या बाजूला उतरतो. म्हणजे एसएमटीच्या, महापालिकेच्या बसच्या, प्रत्येक प्रवाशाला दिवसातून एकदा हा रस्ता ओलांडावाच लागणार. ओलांडायची सोय न करता बस वाढवल्या, तर दुभाजकावर चढणारी माणसंच वाढतील. आणि बस नसली की तीच माणसं कर्ज काढून दुचाकी घेतात.

याच रस्त्यावर पुढं कुंभारी गावाला काय झालंय तेही बघा. गोदूताई परुळेकर घरकुल होतंच, त्यात रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये वाटल्या. ही सगळी कष्टकरी माणसं, कामाला शहरातच येणार.

माझी मागणी: थांबे जोडीनं, समोरासमोर. रस्ता ओलांडायचे पट्टे थांब्याच्या मागच्या अंगाला, म्हणजे माणूस बसच्या पुढून न पळता मागून जाईल. दुभाजकात चार माणसं उभी राहतील एवढी जागा. आणि पहाटेपासून रात्री दहापर्यंत दर पंधरा मिनिटाला बस. उड्डाणपुलांची चर्चा सोलापुरात वर्षानुवर्षं चालूच आहे, ती चालू द्या.

टॉवेलवाला

एमआयडीसीत माझं युनिट आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी, त्यामुळे उरलेल्या वेळात सगळे ट्रक एकदम सुटतात. त्यात तुम्ही जागोजागी पट्टे आणि उंचवटे टाकणार. हा १५०ई राष्ट्रीय महामार्गाचा रस्ता आहे आणि राष्ट्रीय महामार्गावर स्पीडब्रेकर नकोत, हे केंद्राचंच धोरण. माल अडला की कामगारांचा पगारही अडतो. पादचारी पूल बांधा, मोकळे व्हा.

नकाशावाली

पुलाखालून कंटेनर जायचा तर साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरा. छत्तीस-सदतीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, तेही सोलापूरच्या मे महिन्यात. गुडघे दुखणारी बाई तिथं चढणार नाही, ती दुभाजकच ओलांडणार. मग आपण सगळे म्हणणार, लोकांना शिस्त नाही.

स्पीडब्रेकरचं धोरण मान्य. पण वेग कमी करायला गाडी थरथरवणाऱ्या रम्बल पट्ट्या आहेत, सिग्नल आहे, चौकाशी लेन अरुंद करता येते. सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट दिशेनंही हिशेब असाच चालतो.

राहता राहिला फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असं २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलंय. आपल्याकडं त्या १.८ मीटरमध्ये विजेची डीपी, फ्लेक्सचे खांब आणि दुकानाचा जिना!

तीनचाकी

काय सांगायलाव एसएमटीचं! केंद्राच्या योजनेतून बस आल्या, चेसीला तडे गेले, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. अख्ख्या सोलापूरनं बघितलंय की. तवा माणसं कुणी नेली? आमी सीटवर रिक्षा चालवणाऱ्यांनीच. आता म्हणे पंधरा मिनिटाला बस. आमच्या हप्त्याचं काय? थांब्यावर रिक्षा उभी करतो म्हणून शिव्या घालताव, तर आधी स्टँड द्या की.

कुंभारी_फेरी

स्टँडचं बरोबर आहे. थांब्याच्या थोडं पुढं रिक्षाची जागा आखली तर बस थांब्याला लागेल आणि आतल्या नगरात जायचं त्याला रिक्षाही मिळेल. मोठ्या रस्त्यावर बस, आतल्या गल्लीत रिक्षा.

हद्दवाढकर

सगळं गोड आहे, पैशाचं बोला. आम्ही १९९२ साली हद्दवाढीत आलो, तेव्हापासून घरपट्टी भरतोय आणि आमच्याच नगरात बस वेळेवर येत नाही. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथल्या फेऱ्यांचा तोटा आमच्या करातून का? एसटी आहे ना अक्कलकोटची. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांपुढच्यांना त्याच्याही आधीपासून फुकट. तिलाच दोन थांबे जास्त द्या.

टोपलीवाली

एसटीची सवलत शहरी बसला लागू नाही आणि अक्कलकोटची एसटी प्रत्येक नगराला थांबायला लागली तर अक्कलकोटचेच लोक ओरडतील. आईला ब्रँचला जाताना बघते म्हणून सांगते. ती जाताना बसनं जाते, येताना रिक्षानं. बस स्वस्त असूनही. कारण बस पलीकडं सोडते, रिक्षावाले काका गाडी वळवून अलीकडं सोडतात. ते जादा पैसे रस्ता न ओलांडण्याचे. वर इथं तोट्याचा हिशेब मांडलाय, त्यात परतीचा हा प्रवासी कुणी धरलाय का?

हद्दवाढकर

हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. तरी माझा प्रश्न तसाच राहतो. हद्दीबाहेरच्या फेऱ्यांसाठी राज्यानं किंवा जिल्हा परिषदेनं वाटा उचलावा, लेखी.

टॉवेलवाला

दर पंधरा मिनिटाला बस हे गणित विजेवरच्या ई-बसच्या भरवशावरच असणार, म्हणून विचारतो. २०२३ च्या पीएम ई-बस सेवेत देशभरात १०,००० बस आहेत, यादीत सोलापूरही आहे. त्यात कंत्राटदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, तिकिटावर नाही. थांब्यावर दहा बाया उभ्या असल्या काय आणि नसल्या काय, गाडी पुढं काढली तरी त्याचा मीटर चालूच. मग तुमच्या जोडीच्या थांब्यांना अर्थ काय?

नकाशावाली

म्हणून तर करारात थांबा चुकवल्याचा दंड हवा. गाडीला जीपीएस असतंच, कुठं थांबली कुठं नाही ते रोज निघतं. तो तक्ता दर महिन्याला थांब्यावरच चिकटवा.

तीनचाकी

दंड कंत्राटदाराला लागला तर तो ड्रायव्हरच्या पगारातून कापणार. लिहून घ्या माझ्याकडनं.