कुक्सा कोरताना आतली पोकळी कशी काढावी?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. उत्तर फिनलंडमधील सामी लोक बर्चच्या खोडावरील गाठीतून जो पेला कोरतात, तो कुक्सा माझ्या बहिणीने तिकडून आणला आणि तेव्हापासून तसा एक पेला स्वतः घडवावा, अशी मनापासून इच्छा आहे. सोसायटीत छाटलेल्या आंब्याच्या फांदीचा तुकडा घेऊन मी सुरुवात केली. परंतु निम्मी पोकळी काढून तो चैत्राच्या उन्हात गॅलरीत ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी काठापासून तळापर्यंत सरळ चीर गेली. दुसऱ्या तुकड्यात तळाशी पोहोचल्यावर लाकडाचे तंतू उपटून येत आहेत. माझ्याकडे गोल पटाशी आणि वाकड्या पात्याचा चाकू आहे. चूक नेमकी कुठे होत असावी?

उत्तर १ (उलू, फिनलंड)

आपण अख्खी गोल फांदी वापरली असावी, असे वर्णनावरून वाटते. फांदीच्या ऐन मध्यभागी असलेला मऊ गाभा पेल्यात राहिला, की चीर जवळजवळ ठरलेलीच असते. कारण वाळताना लाकूड वाढवलयांच्या दिशेने जेवढे आकसते, ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते, आणि हा ताण अखंड वर्तुळाला कुठे तरी फुटूनच मोकळा करावा लागतो. म्हणून ओंडका उभा चिरून दोन फाका कराव्यात, गाभ्याचा भाग तासून टाकावा आणि पेल्याचा कान तंतूंच्या दिशेने येईल असा आकार आखावा, म्हणजे कान सहजी तुटत नाही. गाठीचे लाकूड इकडे एवढे मोलाचे मानतात, त्याचे कारण हेच, की तिच्यातील तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने चिरेला सरळ वाट मिळत नाही.

पोकळी आधी काढावी आणि बाहेरचा आकार मागाहून द्यावा. बाहेरून ठोकळा चौकोनी असेपर्यंत तो शिकंज्यात घट्ट बसतो. एकदा गोल केला की हातात धरून पटाशी चालवण्याचा मोह होतो, आणि तळहाताला जखमा होतात त्या अशाच. कान आणि त्याच्या समोरची बाजू, या दोन्हीकडून पटाशी काठापासून तळाकडे उतरत यावी आणि तळाच्या मध्यावर थांबावी. तिथून तशीच पुढे समोरच्या भिंतीवर चढवली, की पाते तंतूंच्या खाली शिरते आणि ते उपटून काढते. आपल्या दुसऱ्या तुकड्यात बहुधा हेच घडले आहे. तळाचा शेवटचा भाग वाकड्या चाकूने तंतूंना आडवे, पातळ पापुद्रे काढत गुळगुळीत करावा. खोली पाहण्यासाठी तोंडावर पट्टी आडवी ठेवून तिच्यापासून काडी आत सोडावी. भिंत ७-८ मिलिमीटर आणि तळ त्याहून थोडा जाड ठेवावा, पण जाडी एकदम बदलू देऊ नये, कारण पातळ भाग आधी वाळतो आणि जाड भागाशी ओढाताण करतो.

उत्तर २ (सावंतवाडी)

आमच्या घरी सुतारकाम आहे, म्हणून लाकडाविषयी लिहितो. शिवण किंवा फणस मिळाल्यास आंब्यापेक्षा बरे. शिवण पटाशीखाली मऊ जाते आणि वाळताना फारशी वाकत नाही. ओळख न पटलेले लाकूड पिण्याच्या भांड्याला कदापि घेऊ नये: कण्हेर आणि काजरा विषारी आहेत, बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. बिबळ्याचे पेले बाजारात मिळतात, परंतु त्या लाकडाचा रंग पाण्यात उतरतो, हे लक्षात असू द्यावे. आत वॉर्निश लावू नये. कच्चे जवसाचे तेल दोन-तीन वेळा मुरवून ते पूर्ण सुकेपर्यंत थांबावे.

प्रश्नकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. तुकडा अख्खीच फांदी होता. कोरलेला ओला पेला वाळवावा कसा आणि तो वाळला हे ओळखावे कसे?

उत्तर १

तो त्याच्याच ओल्या भुश्शात कागदी पिशवीत घालून ऊन-वाऱ्यापासून दूर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. इकडे काही कारागीर कोरलेला पेला मिठाच्या पाण्यात उकळूनही घेतात, म्हणजे तडे कमी जातात. रोज स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. सलग चार-पाच दिवस आकडा बदलला नाही, की बारीक पॉलिश पेपर हाती घ्यावा, त्याआधी नाही.