प्रति: पॅनेलमधला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी लहान करून देणारं कडं) केबल टायने बांधला तर चालेल का?

तात्पुरता चालेल, पण कायमचा नको. साध्या नायलॉन टायची मर्यादा साधारण ८५ अंश सेल्सिअस. भर उन्हाळ्यात पूर्ण लोडवर बसबार (सीटीच्या मधून जाणारी, करंट वाहून नेणारी धातूची पट्टी) त्याच्या आसपास जातो. टाय कडक होऊन तुटतो आणि सीटीचं सगळं वजन सेकंडरीच्या (मीटरकडे जाणाऱ्या बाजूच्या) वायरींवर लटकतं. वायर सुटली की सेकंडरी ओपन, आणि चालू लोडवर तिथे जीवघेणं व्होल्टेज चढतं.

टायऐवजी लोखंडी पट्टी वापरा, असंही कोणीतरी सुचवलं आहे. ती बाहेरून आवळलीत तर ठीक. पण सीटीच्या खिडकीतून (मधल्या भोकातून) आत घालून दोन्ही टोकं पॅनेलच्या धातूच्या चॅनेलला बोल्ट केलीत, तर पट्टी आणि चॅनेल मिळून एक शॉर्टेड टर्न (सीटीभोवतीचा बंद वेढा, जो स्वतःच करंट खातो) होतो, आणि मीटर कमी दाखवतो! मग बिचाऱ्या मीटरला शिव्या.

मी टेपवाउंड (वरून टेप गुंडाळलेला) सीटी हायलमच्या (टणक इन्सुलेशन शीटच्या) दोन पट्ट्यांमध्ये धरतो, स्टड खिडकीच्या बाहेरून, लॉकनट लावून. बसबार मधोमध राहील असं पॅकिंग. रेझिन कास्ट (रेझिनमध्ये ओतलेला) सीटी असेल तर पायाला बहुधा भोकं असतात, सरळ चॅनेलवर बोल्ट करा. फक्त आवळण्याआधी सीटीवरच्या पी१ खुणेची बाजू सप्लायकडे आहे ना, ते बघा.